सात अळ्या आणि एक कुंभारीण
(स्मृतिव्याख्यान)



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्या गुरुजींनी या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवले. मी मराठीचा माणूस. संतवाङ्मय हा माझ्या अध्यापनाचा आणि प्रबंधाचा विषय. माजी विद्यार्थी संघाने गुरुजींच्या नावाने कीटकांच्या अभ्यासासाठी दरवर्षी एका विद्यार्थ्याला संशोधन-पारितोषिक देण्याचे ठरवले आणि त्यानिमित्ताने बोलण्यासाठी मला पाचारण केले, तेव्हा मी प्रथम नकारच कळवला होता. किड्यामुंग्यांविषयी मराठीच्या प्राध्यापकाने काय बोलावे? परंतु नंतर विचार करता लक्षात आले, की या विषयावर बोलण्याचा अधिकार मला नसला, तरी बोलण्याचे ऋण मात्र माझ्यावर आहे. ते ऋण कोणते, ते ओघात सांगेन.

आपल्या भाषेने कीटकांकडे कधी दुर्लक्ष केलेले नाही. मुंगी वेगळी, मुंगळा वेगळा, वाळवी वेगळी; मधमाशांतही आग्या, सातेरी, फुलोरी असे भेद आपल्या खेड्यांतील माणसाला ठाऊक असतात. चतुर, नाकतोडा, रातकिडा, काजवा, गांधीलमाशी ही नावे कोणा शास्त्रज्ञाने ठरवलेली नाहीत. पाहणाऱ्या माणसांनी ठेवलेली आहेत. मात्र भाषेतले पाहणे कधी पूर्ण असते, कधी अर्धे. ‘मुंगीला पंख फुटले’ असे आपण म्हणतो आणि तिचा अंत जवळ आला असे सुचवतो. हे निरीक्षण निम्मे खरे आहे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर वारुळातून पंखवाल्या मुंग्या उडतात, त्यांतील नर मीलनानंतर लवकरच मरतात. परंतु त्यांतली जी मादी वाचते, ती स्वतःचे पंख गाळून टाकते, जमिनीत शिरते आणि नव्या वारुळाची राणी होते. म्हणजे पंख फुटणे ही काहींच्या अंताची खूण, तर एखादीच्या राज्याची सुरुवात. म्हण रचणाऱ्याने अंगणात पडलेले पंख पाहिले. त्या पंखांची मालकीण कोठे गेली, हे पाहायला तो थांबला नाही.

आपल्या परंपरेने कीटकाला गुरूही मानले आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत पृथ्वी, वायू, आकाश, सूर्य, चंद्र तर आहेतच. पण दिव्यावर झेप घेणारा पतंग आहे, मधमाशी आहे, जाळे विणणारा कोळी आहे, आणि यादीतले शेवटचे, चोविसावे नाव आहे ते भिंतीवर मातीचे घर बांधणाऱ्या माशीचे. आपण तिला कुंभारीण म्हणतो. याच स्कंधावर एकनाथमहाराजांनी आपली मराठी टीका लिहिली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, ती काशीत पूर्ण केली. माझी हयात त्या ग्रंथाच्या सहवासात गेली, असे म्हटले तरी चालेल.

या कुंभारणीवरून ‘भ्रमर-कीटक न्याय’ निघाला. माशी एक अळी पकडून आणते, मातीच्या घरात कोंडते आणि दार लिंपून टाकते. आत कोंडलेली अळी भीतीने त्या माशीचेच ध्यान करत राहते आणि त्या ध्यासाने अखेर स्वतःच माशी होऊन बाहेर पडते. ज्याचे अखंड चिंतन करावे, तद्रूप व्हावे, हा त्याचा बोध. भक्ताने देवाचे चिंतन करावे आणि देवच व्हावे, हे सांगायला याहून सुंदर दृष्टान्त सापडणे कठीण. वर्षानुवर्षे मी तो वर्गात समजावून दिला आणि तो सांगताना माझा स्वरही थोडा ओलावत असे.

आता ऋणाची गोष्ट सांगतो. १९७७ साल होते. महाविद्यालयात रुजू होण्यापूर्वी मी एका शाळेत मराठी शिकवत होतो. ती शाळा ही नव्हे. तेथे आंतरशालेय निबंधस्पर्धा झाली. विषय होता ‘निसर्ग माझा गुरू’. परीक्षक दोघे. एक मी, सव्वीस वर्षांचा, नुकताच पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेला, आत्मविश्वासाने भरलेला. दुसरे, या शाळेतून मुद्दाम बोलावलेले आपले गुरुजी.

आठवीतल्या एका मुलाने निबंधाऐवजी एक वहीच दिली होती. त्याच्या घराच्या खिडकीच्या चौकटीवर कुंभारणीने घर बांधले होते. जवळजवळ महिनाभर तो मुलगा ते घर पाहत होता. माशी ओल्या मातीची गोळी तोंडात धरून किती वेळा आली, हे त्याने रेघा मारून मोजले होते. दार बंद होण्यापूर्वी तिने आणलेल्या हिरव्या अळ्या मोजल्या होत्या. त्या सात भरल्या. दार लिंपले गेल्यावर त्याने त्या घरावर काचेची एक लहान बाटली उपडी ठेवून मेणाने चिकटवली, म्हणजे आतून जे काही बाहेर येईल ते निसटू नये. एके सकाळी बाटलीत एक कुंभारीण दिसली. एकच. मग त्याने ते घर फोडले. आत अळ्यांची वाळलेली दोन-तीन डोकी आणि थोडा चुरा, एवढेच होते. वहीच्या शेवटी त्याने लिहिले होते, की आजोबा सांगतात अळीची माशी होते. पण सात अळ्या आत गेल्या आणि माशी एकच बाहेर आली, तर बाकीच्या सहा गेल्या कोठे?

मी ती वही वाचली आणि मला राग आला. अक्षर वाईट होते, शुद्धलेखनाच्या चुका होत्या, हे एक कारण. खरे कारण निराळे होते. त्या पोराने माझ्या लाडक्या दृष्टान्ताचे घर फोडले होते. मी वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईने शेरा लिहिला, ‘संतवचनावर शंका घेऊ नये. विषय सोडून लिहिले आहे.’ आणि पहिले पारितोषिक भ्रमर-कीटक न्यायावरच आलंकारिक निबंध लिहिणाऱ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याला दिले. तो निबंध सुरेख होता. त्यात ओव्या होत्या, सुभाषिते होती. फक्त कुंभारीण नव्हती.

गुरुजींनी वाद घातला नाही. मी मराठीचा आणि स्पर्धाही मराठी निबंधाची, म्हणून त्यांनी निर्णय माझ्यावर सोडला. उठताना एवढेच म्हणाले, “मास्तर, बक्षीस तुम्ही म्हणाल त्याला देऊ. मला फक्त एक सांगा, या साऱ्या निबंधांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले कोणाचे आहे?” मी काही तरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही. त्यांचा प्रश्न मात्र विसरलेलो नाही.

त्या वहीत लिहिले होते ते खरे होते. पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतर, घराला रंग देताना रंगाऱ्याने ओसरीच्या भिंतीवरचे मातीचे एक घर खरवडून पाडले. आतून कोळी पडले, लहान लहान, दहा-बारा. मेले आहेत असे समजून मी काडीने एकाला स्पर्श केला, तर त्याचा पाय हलला. मी तेथेच पायरीवर बसलो. हे कोळी मेलेले नव्हते आणि जिवंत म्हणावे तर पळतही नव्हते. त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते मी वाचू लागलो.

कुंभारीण म्हणून आपण ज्या ओळखतो त्या माशा एकाच जातीच्या नाहीत. काही जाती अळ्या आणतात, काही कोळी. बांधकाम आणि शिकार दोन्ही मादीच करते. ती भक्ष्याला नांगी मारते, पण बहुधा ठार करत नाही. तिच्या विषाने त्याची हालचाल थांबते आणि ते ताजे राहते. त्या कोठारात ती अंडे घालते आणि दार लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेले पिलू आईने भरून ठेवलेला शिधा खाऊन वाढते, कोश करते आणि मोठे झाल्यावर माती पोखरून बाहेर येते. अळीची माशी होत नाही. अळी हे माशीच्या पिलाचे अन्न असते. सात अळ्या आणि एक माशी, या हिशोबाचे उत्तर एवढे सरळ आहे.

मला नवल वाटले ते याचे, की हा भ्रम केवळ आपला नव्हता. चीनमध्येही हीच समजूत होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या यांग श्योंग या पंडिताने लिहिले, की माशी अळीला ‘माझ्यासारखी हो’ असे विनवते आणि अळी तशी होते. त्या समजुतीमुळे चिनी भाषेत दत्तक मुलाला त्या अळीचेच नाव मिळाले. पुढे ताओ होंगजिंग नावाचा वैद्य होऊन गेला. त्याचा काळ इसवी सन ४५६ ते ५३६. औषधिग्रंथावर टीका लिहिताना त्याने नोंदवले, की माशी स्वतःचे अंडे घालते आणि आत कोंडलेले जीव हे पिलांचे खाद्य असते. म्हणजे आपल्या नाथमहाराजांच्या हजार वर्षे आधी कोणी तरी ते घर उघडून पाहिले होते. तरीही जुनी समजूत लोकांच्या बोलण्यात टिकून राहिली. गोड दृष्टान्ताला मरण लवकर येत नाही.

या संदर्भात फ्रान्समधील झाँ आंरी फाब्र या शिक्षकाची हकीकत मला फार मोलाची वाटते. १८२३ साली एका गरीब घरात जन्मलेला हा माणूस आव्हिन्याँ येथील शाळेत शिकवत असे. लेओं द्यूफूर हे त्या काळचे नामवंत कीटकज्ञ. भुंगेऱ्यांची शिकार करणाऱ्या एका माशीविषयी द्यूफूर यांनी लिहिले होते, की तिच्या घरात भुंगेरे सडत नाहीत, कारण माशीचे विष मेलेल्या शरीराचे रक्षण करते. फाब्रने तो लेख वाचला आणि तो स्वतः जाऊन तशाच एका माशीजवळ बसला. त्याने तिच्या घरातून सोंडे उकरून काढले. त्यांचे सांधे दिवसेंदिवस लवचीक राहत होते. विजेचा सौम्य झटका देताच पाय हलत होते. ते मेलेले नव्हते. लुळे पडलेले होते. हालचालीचे नियंत्रण करणाऱ्या मज्जाकेंद्रांवर माशी नांगी मारते, असा निष्कर्ष त्याने काढला. १८५५ साली हा लेख प्रसिद्ध झाला आणि फ्रेंच इन्स्टिट्यूटने प्रायोगिक शरीरक्रियाशास्त्रासाठी असलेले पारितोषिक त्याला दिले.

पण मला या हकीकतीतील पारितोषिकापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. ज्यांचे मत फाब्रने खोडून काढले होते, त्या वृद्ध द्यूफूर यांनी त्याला आपण होऊन पत्र लिहिले आणि त्याचे कौतुक करून ‘असेच पुढे जा’ असे उत्तेजन दिले. फाब्रला ते पत्र सर्वांत प्रिय वाटले. ते वाचले त्या दिवशी मला १९७७ ची ती लाल शाई आठवली. एका जाणत्याची चूक एका शाळामास्तराने दाखवली, तेव्हा त्या जाणत्याने अभिनंदनाचे पत्र लिहिले. माझी चूक एका शाळकरी मुलाने दाखवली, तेव्हा मी काय लिहिले, ते आपण ऐकलेच आहे.

फाब्रही पुढे काही बाबतींत दुरुस्त झाला, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दाम्पत्याने १८९८ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. माशीची नांगी फाब्र म्हणतो तितकी अचूक नसते, कधी भक्ष्य मरतेही आणि तरी पिलू वाढते, असे त्यांना आढळले. जो दुसऱ्याला तपासतो, त्याने स्वतः तपासले जायला तयार असावे, हा या विद्येचा कुळाचार आहे.

मग शाळेतल्या मुलाने केलेल्या कामाला ‘संशोधन’ म्हणावे काय? हा प्रश्न या पारितोषिकाची घोषणा झाल्यावर काही मंडळींनी विचारला, असे कळले. त्याला इंग्लंडमधील एका खेड्याच्या शाळेने उत्तर दिलेले आहे. डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाचे गाव आहे. तेथील प्राथमिक शाळेतील आठ ते दहा वर्षांच्या पंचवीस मुलांनी आपले मुख्याध्यापक आणि बो लोटो या मेंदुशास्त्रज्ञाच्या साहाय्याने भुंग्यासारख्या केसाळ मधमाशांवर प्रयोग केला. प्रयोगाची पद्धत थोडक्यात अशी. चार चौकटी, प्रत्येकीत रंगीत उजेडाची सोळा वर्तुळे. मधली चार एका रंगाची, भोवतालची बारा दुसऱ्या रंगाची. काही चौकटींत मधली निळी आणि भोवतालची पिवळी, तर काहींत उलट. साखरपाणी फक्त मधल्या वर्तुळांत. कडेच्यांत मिठाचे पाणी. म्हणजे ‘निळ्यावर जा’ एवढे शिकून माशीचे भागणार नव्हते. कोणत्या रंगाच्या भोवती कोणता रंग आहे, हे तिला ओळखावे लागणार होते. माशांनी ते साधले. शिवाय सगळ्यांनी एकाच युक्तीने साधले नाही. माशीमाशीत फरक दिसला.

हे काम डिसेंबर २०१० मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या मान्यवर नियतकालिकाने प्रसिद्ध केले. मजकूर मुलांच्या शब्दांत होता, आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या, पूर्वसूरींचा एकही संदर्भ नव्हता. संपादकांनी सोबत तज्ज्ञांचे भाष्य छापून त्या कामाचे स्थान दाखवून दिले. मुलांचे म्हणून सवलत दिली नाही आणि मुलांचे म्हणून बाजूलाही सारले नाही. परीक्षकाने कसे वागावे, याचा हा वस्तुपाठ आहे.

आपल्याकडेही मुलांना असे काम करायला लावण्याचे प्रयत्न झालेले आहेत. आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन मुलांच्या गटाने त्यावर काम करावे, या कल्पनेवर १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. आणि साधनांवाचून अडते, अशी तक्रार करणाऱ्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांचे काम पाहावे. त्यांनी अनेक दशके अभ्यासली ती कागदासारखे पोळे बांधणारी आपली देशी गांधीलमाशी, जी खिडक्यांच्या आडोशाला सहज सापडते. माशांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन प्रत्येकीला ओळखायचे आणि कोण काय करते ते लिहीत बसायचे, ही त्या कामाची मूळ पद्धत. थोड्याथोडक्या खर्चात उत्तम प्रयोग कसे होतात, यावर त्यांनी २०२१ साली एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले.

इंदूरकरांना तर दूरही जाण्याचे कारण नाही. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड हे शास्त्रज्ञ या गावी आले आणि होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर त्यांनी वनस्पतिसंशोधनाची संस्था उभी केली. काडीकचरा आणि शेणापासून खत करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती त्याच संस्थेत सिद्ध झाली. त्यावरचे १९३१ चे पुस्तक हॉवर्ड यांनी यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर लिहिले. हॉवर्ड यांची एक दृष्टी मला आपल्या अवधूताच्या फार जवळची वाटते. पिकावर कीड पडली की तिला मारण्याची घाई न करता ती काय सांगते ते ऐकावे, असे ते म्हणत. जमिनीचे आणि पिकाचे कोठे बिघडले, हे शिकवणारे शेतीचे प्राध्यापक म्हणून ते किडींकडे पाहत. अवधूताने कीटकाला गुरू केले, हॉवर्ड यांनी प्राध्यापक केले. आम्हा खऱ्याखुऱ्या प्राध्यापकांना त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आता या पारितोषिकाविषयी काही सूचना करण्याची अनुज्ञा मागतो. ज्याने एकदा चुकीचे पारितोषिक दिले, त्याच्या सूचना म्हणून त्यांचे मोल जाणावे.

पहिली सूचना अशी, की पारितोषिक वहीला द्यावे, देखाव्याला नको. आजकालच्या प्रदर्शनांत थर्माकोलची मोठाली फुलपाखरे असतात, त्यांवर दिवे लुकलुकत असतात आणि ती कोणाच्या वडिलांनी रात्री जागून केली, हे सर्वांना ठाऊक असते. वहीत पहिल्या पानावर मुलाचा स्वतःचा प्रश्न असावा. प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळ असावी. चुकलेले खोडरबराने पुसू नये; एक रेघ मारून तसेच ठेवावे, म्हणजे मूल कोठे चुकले आणि केव्हा सावरले, ते दिसेल.

दुसरी सूचना, ‘मला कळले नाही’ हेही उत्तर म्हणून स्वीकारावे. चाळीस दिवस मुंग्यांची रांग पाहून ती वळण का घेते हे कळले नाही, असे प्रामाणिकपणे लिहिणारा विद्यार्थी पुस्तकातले उत्तर उतरवून काढणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ मानावा.

तिसरी, भाषेची. मुलाने ज्या भाषेत पाहिले त्या भाषेत लिहावे. आपली मुले घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी अशी तीन ओसऱ्यांवर वाढतात. त्यांनी आजीने सांगितलेले नाव आधी लिहावे. शास्त्रीय नाव शिक्षक मागाहून शोधून देतील. त्या नावातही शिकण्यासारखे असते. मृगाचा लाल मखमली किडा हातावर घेऊन त्याचे पाय मोजणाऱ्या मुलाला ते आठ भरतील. कीटकाला पाय सहा. म्हणजे ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या किडा म्हणत आलो, तो कोळ्यांच्या गोतातला निघाला. पाय मोजायला पैसे पडत नाहीत.

चौथी, जिवाची. टाचण्या टोचून पेट्या भरण्याचा काळ मागे पडला. कित्येक फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पाहावे, चित्र काढावे, घरातला मोबाइल असेल तर छायाचित्र घ्यावे आणि जीव जेथे होता तेथे राहू द्यावा. आग्यामोहोळाच्या वाटेला मात्र कोणीही जाऊ नये. शौर्यासाठी हे पारितोषिक नाही.

पाचवी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वह्या जपाव्यात. जर्मनीतील क्रेफेल्ड या गावी कीटकांची आवड असणाऱ्या मंडळींची १९०५ साली स्थापन झालेली एक संस्था आहे. तिच्या सभासदांनी १९८९ पासून संरक्षित क्षेत्रांत एकाच पद्धतीचे सापळे लावले आणि सापडलेल्या उडत्या कीटकांचे वजन नोंदवून ठेवले. सत्तावीस वर्षांच्या, त्रेसष्ट ठिकाणांच्या त्या नोंदींचा हिशोब २०१७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाला धक्का बसला. कीटकांचे एकूण वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले होते. परागीभवन, जमिनीची मशागत, पक्ष्यांचा आहार, हे सारे ज्यांच्यावर अवलंबून आहे, ते जीव डोळ्यांदेखत ओसरत होते. आणि हे कळले ते कोणी तरी वर्षानुवर्षे कंटाळवाणे वजन लिहून ठेवले होते म्हणून.

आपल्या माळव्यात काय घडते आहे? लहानपणी पावसाळ्याच्या रात्री दिव्याभोवती जितके पाखरू जमे, तितके आता जमत नाही, असे आम्ही म्हातारे म्हणतो. पण म्हाताऱ्याची आठवण हा पुरावा नव्हे. आमच्यापैकी कोणी लिहून ठेवले असते, तर तो पुरावा झाला असता. म्हणून शाळेने आवारातले एक झाड निवडावे आणि दरवर्षी पावसाच्या त्याच आठवड्यात त्या झाडावरचे कीटक मुलांनी मोजावेत. आज पाचवीत असलेल्याची वही वीस वर्षांनी त्याच्याच मुलाच्या हाती पडली, तर त्या वेळी तिची किंमत आजच्या कोणत्याही ढालीपेक्षा अधिक असेल.

आणि पारितोषिक म्हणून काय द्यावे? एक चांगले भिंग द्यावे आणि त्या विद्यार्थ्याचे निरीक्षण त्याच्या नावानिशी शाळेच्या वार्षिकात छापावे. चार्ल्स डार्विन केंब्रिजला शिकत असताना त्याला अभ्यासापेक्षा भुंगेरे जमवण्याचे वेड अधिक होते. दोन्ही हातांत दोन दुर्मीळ भुंगेरे असताना तिसरा दिसला, म्हणून त्याने हातातला एक तोंडात टाकला आणि त्या भुंगेऱ्याने जळजळीत द्रव सोडून जीभ भाजली, ही कथा त्याने स्वतःच सांगितली आहे. ब्रिटिश कीटकांवरच्या एका ग्रंथात, हा नमुना डार्विनने पकडला, अशी नोंद छापून आली, तेव्हा झालेल्या आनंदाची तुलना त्याने पहिली कविता छापलेल्या कवीच्या आनंदाशी केली. माझ्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या कविता मी पुष्कळ छापून आणल्या. कोणाचा पहिला भुंगेरा मात्र छापला नाही.

अखेर एका शंकेचे निरसन करतो. मग एकनाथमहाराज चुकले काय? मला तसे वाटत नाही. आपल्याकडे दृष्टान्त आणि सिद्धान्त या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. ज्याचा ध्यास घ्यावा त्याचे रूप आपल्यात उतरते, हा सिद्धान्त त्यांनी कुंभारणीच्या घरातून काढला नाही. तो त्यांच्या साधनेतून आला. कुंभारीण केवळ समजावून देण्यापुरती आली. ती खोटी ठरल्याने सिद्धान्त ढळत नाही. ढळली ती माझ्यासारख्या शिक्षकाची निश्चिंती. ‘दृष्टान्त’ या शब्दाच्या आरंभीच ‘दृष्ट’ आहे, म्हणजे पाहिलेले. पण मी तो शब्द जन्मभर शिकवला आणि एकदाही खिडकीच्या चौकटीकडे पाहिले नाही. ते त्या आठवीतल्या मुलाने केले. दृष्टान्ताचा खरा मान त्यानेच राखला.

तो मुलगा पुढे कोठे गेला, मला ठाऊक नाही. त्याची वही मी परत केली तेव्हा त्याने शेरा वाचला, काही बोलला नाही, आणि वही दप्तरात ठेवली. आज तो साठीच्या घरात असेल. हे व्याख्यान पुस्तिकारूपाने निघणार आहे आणि ती माजी विद्यार्थ्यांमार्फत गावोगाव जाते, असे मला सांगण्यात आले आहे. कदाचित ती त्याच्याही हाती पडेल. म्हणून येथे सर्वांसमक्ष सांगतो, की त्या वर्षीचे पहिले पारितोषिक त्याचे होते. लाल शाईतला तो शेरा मी मागे घेतो.

आणि उद्या जे कोणी या पारितोषिकाचे परीक्षक होतील, त्यांनी वह्यांचा गठ्ठा उघडण्यापूर्वी गुरुजींचा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. या साऱ्यांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले कोणाचे आहे?